साडेतीन वर्षांचा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो आणि ‘क’ऐवजी ‘त’ उच्चारतो : काळजी करावी का?

पुण्याची_आई : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो चार-पाच शब्दांची वाक्ये बोलतो, परंतु ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणतो, ‘र’च्या जागी ‘ल’ येतो आणि स्वतःविषयी बोलताना ‘मी जाते’, ‘मी जेवते’ असेच म्हणतो. ‘केलं’ऐवजी ‘करलं’ हे तर रोजचेच. सासूबाईंच्या मते जीभ खालून चिकटलेली आहे, ती मोकळी करून वेखंड चाटवावे. शाळेने मात्र घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलण्यास सुचवले आहे. कोणाचे ऐकावे?

वाचा_उपचारक : ताई, तुम्ही एका दमात सांगितलेल्या या गोष्टी खरे तर वेगवेगळ्या आहेत. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकणाऱ्या मुलाने ‘करलं’ म्हणणे म्हणजे भूतकाळाचा नियम त्याच्या हाती लागला आहे. अपवाद तेवढे शिकायचे राहिले आहेत. ‘करलं’ त्याने कोणाकडून ऐकलेले नाही, ते त्याने स्वतः घडवले आहे, म्हणून मला तरी ते ऐकून आनंदच होतो. अशा वेळी ‘चुकलं, पुन्हा म्हण’ असे न म्हणता ‘हो, तू केलंस, छान केलंस’ असे सहज उत्तर द्यावे.

‘मी जाते’ बहुधा तुमच्याकडूनच आले असावे, कारण दिवसभर त्याच्याशी ‘मी’ म्हणून बोलणारी व्यक्ती आईच असते. तो ‘कुत्रा येतो’ आणि ‘आजी येते’ यांत फरक करतो का, तेवढे पाहा. करत असेल, तर बाबांशी गप्पा वाढल्या की ‘मी जातो’ येईल.

आता जिभेविषयी. ‘क’ आणि ‘ग’ जिभेच्या मागच्या भागाने उच्चारले जातात आणि खालचा पडदा असतो पुढे, तेव्हा ‘ताता’चा दोष त्या पडद्याला देता येत नाही. वेखंड देऊ नये. ‘र’, ‘ळ’, ‘श’ अनेक मुलांना उशिरा जमतात, त्यामुळे ‘ल’ची घाई नको, परंतु ‘क’चा ‘त’ चौथ्या वर्षाच्या सुमारास सुटायला हवा, म्हणून त्याची एकदा तपासणी करून घ्यावी. तिसऱ्या वर्षानंतर परक्या माणसालाही मुलाचे बरेचसे बोलणे कळावे, ही साधी कसोटी आहे. घरातल्यांना कळते, एवढे पुरेसे नाही.

मराठी बंद करू नका. दोन भाषा ऐकल्याने मूल मागे पडत नाही. मात्र आईने ज्या भाषेत ती मोकळी नाही त्या भाषेत बोलायचे ठरवले, तर गप्पाच आटतात.

डोंबिवलीचा_बाबा : यात कानाची गोष्ट राहिली. आमच्या मुलीला सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचायचे. ते दुखत नसल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता, आणि ती हाक ऐकत नाही म्हणून आम्ही तिलाच रागवत होतो. या वयात आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, अशा खेळातून श्रवणचाचणी होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण आणि वाचा या दोन्हींची तपासणी होते. अंगणवाडीतल्या मुलांसाठी 2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यातल्या पथकालाही सांगता येते.

वाचा_उपचारक : बरोबर आहे, श्रवणचाचणी सर्वांत आधी हवी होती, ते मी लिहायला विसरलो.

पुण्याची_आई : दोघांचेही आभार. ‘कुत्रा येतो’ आणि ‘आजी येते’ तो अचूक म्हणतो, हे मी आज मुद्दाम ऐकले. मात्र गेल्या पावसाळ्यात त्याची सर्दी हटत नव्हती आणि तो टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसायचा, हे वाचताना आठवले. शुक्रवारी कान तपासायला नेत आहे. सासूबाईही बरोबर येणार आहेत. जिभेचे त्या डॉक्टरांनाच विचारणार म्हणतात.