मुलीच्या हातातला मोबाइल काढून घेतला की तिचा आत्मविश्वास परत येतो काय?

मांडवीकाठ

काल एका निवृत्त मुख्याध्यापकांनी येथे लिहिलेले वाचले आणि ते मनातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढून सविस्तर उत्तर देत आहे. सरांचे म्हणणे थोडक्यात असे की, आठवी ते दहावीच्या मुली इन्स्टाग्रामवर इतरांचे चेहरे पाहून स्वतःला कमी लेखू लागल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, तसा कायदा गोव्यात येईल तेव्हा येईल, पण तोवर प्रत्येक आईने मुलीच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा, म्हणजे मुलगी पुन्हा पूर्वीसारखी हसू लागेल.

दुखणे खरे आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. डिचोली तालुक्यात मी बावीस वर्षे शिकवते आहे आणि हे रोज पाहते. यंदा स्नेहसंमेलनानंतर वर्गाचा फोटो काढला. नववीतली एक मुलगी जिन्याच्या वळणावर उभी राहून तो फोटो दोन बोटांनी मोठा करीत होती. फोटोत अडतीस मुले होती, मागे तोरण होते, मध्ये नाटकाची ढाल होती, आणि ती पाहत होती फक्त स्वतःची हनुवटी. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "टीचर, हा फोटो ग्रुपवर घालू नका." ढाल मिळवून देणाऱ्या नाटकातली मुख्य भूमिका तिचीच होती.

परंतु सरांच्या साऱ्या लिखाणात 'मुलगा' हा शब्द एकदाही आलेला नाही. मोबाइल काढून घ्यायचा तो मुलीचा, आणि काढून घ्यायचा तोही आईने. त्याच घरातला भाऊ रात्री एकपर्यंत रील पाहत बसला तर चालेल काय? आपण कमी आहोत असे जिला आधीच वाटते, तिच्याच हातातली वस्तू काढून घेतली तर ती तिला शिक्षा वाटणार, आणि शिक्षा झाली त्या अर्थी आपलेच काहीतरी चुकले असणार, असे ती धरून चालणार. शिवाय कोणता चेहरा चांगला आणि कोणता नाही, हे मोबाइलने शिकवण्याच्या कितीतरी आधी आपण तिला घरातच शिकवलेले असते.

जुना फळा

ज्याला उद्देशून हे लिहिले आहे तो मीच. माझ्या लिखाणात मुलगा आला नाही, कारण विषय मुलींचा होता, आणि विषय मुलींचा होता, कारण नुकसानाची नोंद मुलींच्या बाबतीत झालेली आहे. २०२१ साली फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हाउगेन यांनी इन्स्टाग्रामची मालक असलेल्या त्या कंपनीतली कागदपत्रे बाहेर आणली. ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होते, त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटते असे सांगितल्याचे कंपनीच्याच संशोधकांनी त्यांत लिहून ठेवले होते. विकणाऱ्याच्या वहीतच ही नोंद असताना आईबापांनी आणखी कोणत्या पुराव्याची वाट पाहायची?

आमच्या शाळेत शनिवारी वाचनालयाचा तास असे. मुली जमिनीवर बसून वाचत, एकीच्या पुस्तकात दुसरी डोकावत असे, आणि त्या पाऊण तासात कोणालाही आपण कशा दिसतो याची आठवण होत नसे. तो तास आधी संगणकाला दिला गेला, पुढे सराव परीक्षांना, आणि पुस्तकांच्या कपाटांना कुलूप लागले. मुलीला स्वतःचा विसर पडेल अशी एकही जागा आपण शिल्लक ठेवली नाही, याचा मला राग आहे, आणि तो राग माझ्या लिखाणात उतरला असेल तर त्याबद्दल मला खेद वाटत नाही.

कुळागर

आकडा पुढे आलाच आहे तर तो पुरता वाचावा. ती ३२ टक्के सर्व मुलींपैकी नाहीत. आधीच शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या मुलींपैकी आहेत, आणि ते त्यांचे स्वतःचे सांगणे आहे. कंपनीने तेव्हा असेही उत्तर दिले होते की, विचारलेल्या बारा बाबींपैकी अकरा बाबींत त्रासलेल्या मुलींनी इन्स्टाग्राममुळे वाईट वाटते यापेक्षा बरे वाटते, असे अधिक प्रमाणात सांगितले. अपवाद फक्त शरीराच्या प्रतिमेचा होता. कंपनीची बाजू घेण्याची मला हौस नाही, परंतु ती माहीत असावी.

२०१९ साली एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या समाधानातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागला. पुढे २०२२ मध्ये ऑर्बेन यांच्याच ब्रिटनमधल्या अभ्यासात असे आढळले की, मुलींच्या बाबतीत अकरा ते तेरा आणि मुलांच्या बाबतीत चौदा-पंधरा या वयांत वाढलेल्या वापरामागोमाग वर्षभराने समाधान कमी झालेले दिसते. म्हणजे मुलींचा नाजूक काळ सहावी ते आठवीचा आहे, आणि सर आठवी ते दहावीवर बोट ठेवत आहेत. इन्स्टाग्रामला खात्यासाठी तेरा वर्षे पूर्ण लागतात, पण जन्मवर्ष खोटे घालायला सहावीतल्या मुलीला अर्धा मिनिटही लागत नाही.

पेडण्याची आई

०.४ टक्के म्हणजे कोण, ते मी सांगते. माझी धाकटी.

गेल्या पावसाळ्यात ती दहावीत होती. शीत नको, मासळीची कढी नको, संध्याकाळी फक्त पेज, आणि तीही वरचे पाणी तेवढे. अभ्यास करताना उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने डाव्या मनगटाला कडे घालून पाहायची. बोटे एकमेकांवर किती चढतात हे ती मोजत होती, हे मला फार उशिरा कळले. कमर बारीक करण्याच्या एका व्हिडिओवर ती एकदा थांबली, त्या यंत्राने ते थांबणे हेरले, आणि पुढचे तीन महिने तिला तेच दाखवले. मी स्वतः तिचा मोबाइल उघडून पाहिला तेव्हा एकामागून एक वीस व्हिडिओंत दुसरा विषय नव्हता.

मांडवीकाठ ताई, घरातच शिकवलेले असते असे आपण लिहिता, तेव्हा मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटते. मी माझ्या मुलीला तिच्या अंगावरून आयुष्यात एक शब्द बोललेली नाही. आणि घरातले कोणी बोललेच, तरी आत्या चतुर्थीला येते, दीड दिवसाने गणपती पोचवला की आपल्या घरी जाते. हे यंत्र तिच्या उशाखाली झोपत होते.

अबोलीची फाती

ताई, आपल्या मुलीचे वाचून वाईट वाटले. परंतु आत्या आपल्या घरी गेली तरी तिचे वाक्य जात नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. माझी आजी दर मे महिन्यात म्हणायची, "वोतांत भोंवूं नाका, काळें जातलें," म्हणजे उन्हात हिंडू नकोस, काळी होशील. आम्ही तिघी बहिणी काजूच्या बागेत हिंडायचो, पण हाक फक्त मलाच असायची, कारण बाकी दोघी गोऱ्या होत्या. १९९८ साली मामेबहिणीच्या लग्नात फोटोवाल्याने मला मागच्या रांगेत जायला सांगितले आणि माझ्याच मामीने "होय, ती मागेच बरी" असे म्हणून माझ्या जागी दुसरीला ओढले. केसांत माळलेली अबोलीची फाती मी तिथेच मांडवाच्या खांबाला अडकवून ठेवली. आमच्या वाड्यावर तेव्हा मोबाइल कोणी पाहिलाही नव्हता.

गोरेपणाचे ते प्रसिद्ध मलम १९७५ मध्ये बाजारात आले, २०२० मध्ये त्याच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला, आणि स्थळांच्या जाहिरातींतली 'गोरी' मात्र जागची हललेली नाही. आज मुलगी स्वतःचा चेहरा उजळ करून टाकते, तेव्हा ती बोटाने तेच करते जे माझी आई साय आणि हळद लावून करीत होती.

जुना फळा

विषय मोबाइलचा आहे. काळेगोरे या विषयावर हवा तर वेगळा धागा काढावा. माझी पत्नी सावळी होती आणि एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिच्या रंगाचा विचारही करावा लागला नाही.

अबोलीची फाती

सर, आपल्याला विचार करावा लागला नाही. त्यांना करावा लागला होता काय, हे आपण त्यांना कधी विचारले होते का?

जुना फळा

माझ्या दिवंगत पत्नीला या वादात ओढू नये, ही स्पष्ट सूचना.

मांडवीकाठ

सर, त्यांचा उल्लेख आपणच आधी केला. आणि अबोलीताई विषय सोडून बोलत नाहीत, विषय तोच आहे. माझ्या वर्गातल्या मुली फोटोला चाळणी (फिल्टर) लावतात, तेव्हा सर्वांत आधी रंग बदलतात, मग नाक, मग हनुवटी. हा क्रम त्यांना कोणी घालून दिला? सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोबाइल दिला नाही, तरी सोळाव्या वाढदिवसाला ती तोच क्रम मनात घेऊन खाते उघडेल.

कुळागर

येथे मला मांडवीकाठ ताईंच्या विरुद्ध जावे लागत आहे. फिजी बेटांवरच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. तिथल्या घरांत भरलेले अंग हे चांगल्या घरचे लक्षण मानले जाई. जेवताना आग्रह करणे आणि कोणी बारीक झाले तर काळजी करणे ही रीत होती. संशोधक ॲन बेकर यांनी १९९५ मध्ये शाळकरी मुलींना विचारले, तेव्हा वजन कमी करण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ मध्ये त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा असे करणाऱ्या मुली ११.३ टक्के होत्या. दोन्ही वेळी मुली साठ-पासष्टच होत्या आणि दोन्ही गट वेगळे होते, त्यामुळे हा आकडा ताणू नये. तरीही घरातली शिकवण नेमकी उलट असताना पडद्याने तीन वर्षांत वेगळे शिकवले, एवढे त्यातून दिसते. सर्व काही घरातून येते, हे म्हणणे टिकत नाही.

मांडवीकाठ

फिजीचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देते. मला ते आवडलेले नाही, पण नाकारता येत नाही. 'घरातच' या शब्दातला 'च' मी मागे घेते, आणि पेडण्याच्या ताईंना तो लागला असेल तर त्यांची क्षमा मागते. मुलीचाच मोबाइल काढून घेण्याला असलेला माझा विरोध मात्र तसाच राहतो. ताई, आपण मोबाइल काढून घेतला होता काय? पुढे काय झाले?

पेडण्याची आई

घेतला होता. अकरा दिवस ती आमच्याशी बोलली नाही, आणि बाराव्या दिवशी कळले की शाळा सुटल्यावर बसची वाट पाहताना मैत्रिणीच्या मोबाइलवर तेच पाहत होती. म्हणून तो परत दिला. हे लिहिताना मला कमीपणा वाटतो, कारण सरांनी सांगितलेला उपाय मी करून पाहिला आणि तो माझ्या घरात चालला नाही.

थोडा उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवले, दर आठवड्याला एक बैठक. तिथे पहिल्याच दिवशी मला विचारले गेले की, मी स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलते. मी मुलीला काही बोलले नव्हते हे खरेच आहे, परंतु रोज सकाळी साडी नेसताना आरशासमोर "किती सुटले मी" असे मी गेली दहा वर्षे म्हणत होते, आणि ती त्याच खोलीत अभ्यास करीत असे. मांडवीकाठ ताई, आपला 'च' चुकीचा होता, पण बाकीचे वाक्य नव्हते. रात्री नऊनंतर आता घरातले चारही मोबाइल स्वयंपाकघरातल्या फडताळात जातात, थोरल्या मुलाचा आणि त्याच्या बाबांचाही. ती अजून पुरती सावरलेली नाही. अर्धी पोळी जास्त खाल्ली की मी दुसरीकडे पाहते, कारण मी पाहते आहे हे कळले की ती थांबते.

जुना फळा

ताई, आपला अनुभव वाचला. 'मुलीच्या हातातला' असे लिहिले होते, तेथे 'मुलांच्या हातातला' असे मी दुरुस्त करतो, आणि 'आईने' या जागी 'आईवडिलांनी'. बंदीबाबत माझे मत बदललेले नाही. एकाच घरातला मोबाइल काढला तर मुलगी मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहणार, नेमक्या याच कारणासाठी नियम सर्वांना एकदम लागू व्हावा लागतो. आपल्या देशात २०२३ च्या विदा (वैयक्तिक माहिती) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याचे आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती न दाखवण्याचे बंधन ठरवून दिलेच आहे. त्याच्या पुढचे पाऊल टाकायला काय हरकत आहे?

कुळागर

हरकत नाही, परंतु वय पडताळायचे कसे, हे आधी सांगावे लागेल. त्यासाठी प्रत्येक मुलीच्या ओळखपत्राची प्रत त्याच कंपन्यांच्या हाती देणे मला मान्य नाही.

पहिले वर्ष, म्हापसा

सकाळपासून हा धागा वाचते आहे. मी एकोणीस वर्षांची आहे, आणि ज्यांच्याबद्दल हे सर्व चालले आहे त्यांच्यापैकी येथे कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहिते.

मी नववीत असताना आमच्या वाड्यावरच्या मुलींची फुगडी तालुक्याच्या स्पर्धेत गेली. कोणीतरी तिचा व्हिडिओ काढून गावाच्या पानावर टाकला. मी पुढच्या रांगेत होते. खाली एका मुलाने माझ्या साडीच्या रंगावरून मला ओळखता येईल असे लिहिले की, ही दिव्याखाली असूनही दिसत नाही. पुढच्या वर्षी मी फुगडीला गेले नाही. अभ्यास आहे असे सांगितले. मोबाइल मी सोडला नाही, कारण माझ्यासारख्याच रंगाच्या, केरळातल्या आणि तमिळनाडूतल्या मुली मला तिथेच दिसल्या, आपला रंग न बदलता नटलेल्या. वाड्यावर तसे कोणी मला दाखवले नव्हते.

जुना फळा

बाय, तुझे वाचून मन खिन्न झाले. एक विचारतो. त्या वेळी मोठ्यांनी काय केले असते तर तू पुढच्या वर्षी फुगडीला गेली असतीस?

पहिले वर्ष, म्हापसा

सर, तो व्हिडिओ आवडल्याची खूण करणाऱ्यांत माझे काका होते, देवळाच्या समितीतले तिघे होते, आमच्या दोन टीचर होत्या. त्या प्रतिक्रियेच्या खाली आणि वर त्यांनी "छान", "अभिनंदन" असे लिहिले होते. ती प्रतिक्रिया आजही तिथे आहे. "हे काढ" एवढे कोणी लिहिले असते, तर मी गेले असते.