दशावतारी कंपन्यांना झोपू द्या की, जत्रेतलं नाटक बाराच्या आत संपवा

तिठ्यावरचो: त्रिपुरारी पौर्णिमेपासून वैशाखापर्यंत आपल्या सिंधुदुर्गातल्या दशावतारी, म्हणजे देवळाच्या जत्रेत रात्रभर पौराणिक नाटक करणाऱ्या, कंपन्या जवळजवळ रोज नवीन गावात असतात. आज वेंगुर्ले, उद्या देवगड, परवा पेडण्यात. पालखी फिरून झाल्यावर मध्यरात्री गणपती नि संकासुर (वेद चोरणारा राक्षस) यायचे, मग आख्यान, म्हणजे पुराणातल्या कथेचं मुख्य नाटक, पहाटे दहीकाला, आणि उजाडल्यावर पेटारे टेंपोत. झोप कुठे, तर टेंपोत नाहीतर पुढच्या देवळाच्या ओवरीत. आणि या नाटकाला संहिता नसते हो! संध्याकाळी मालक आख्यान सांगतो, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, संवाद सगळे उभ्या उभ्या सुचायचे. झोप नसलेल्या डोक्याला काय सुचणार? म्हणून म्हणतो, आठला सुरू करा, बाराला संपवा.

माजघर: अरे बाबा, आमची पालखीच बाराक भायर सरता, मगे नाटक आठाक कसा सुरू करतलास? देवाक सांगतलस, जरा लवकर ये म्हणान? काला पहाटेचोच. मधल्या वेळेत लोकांनी काय करूचा, खाजा खात बसूचा?

पायपेटी_सूर: माजघर, प्रश्न बरोबर आहे, पण "परंपरा" म्हणून सगळं जसंच्या तसं कुठे राहिलंय? पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन चालत जायचे, शिधा मिळाला की स्वतः शिजवायचे, गॅसबत्तीवर नाटक व्हायचं. आता टेंपो, माईक, ट्रिकसीन सगळं आलं. तेवढं बदललं तर वेळ का नाही बदलू शकत? शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद आहे, सरकारने सूट दिली तरी मध्यरात्रीपर्यंतच आणि तीही वर्षातले १५ दिवस. त्यामुळे आपण जे चालवतोय ते सगळं पोलीस पाटलाच्या डोळेझाकीवर.

राजापार्टी_फॅन: मग माईक बंद करा. पूर्वी राजाची भूमिका करणारा उघड्यावर शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा. (मृदंग आणि झांजेसमोर हल्ली कोण पोचवेल माहीत नाही, पण तो वेगळा विषय.) मला खरी भीती दुसरी आहे. हॉलमध्ये तिकिटावर जे संयुक्त दशावतार (वेगवेगळ्या कंपन्यांचे कलाकार एकत्र येऊन केलेले) होतात ते वेळेत आटपतात, आणि तिथे आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा गणपती-संकासुराचा भाग, दहा मिनिटांत गुंडाळतात. जत्रेचंही तेच होईल.

सासुरवाडी_मालवण: आमच्या घरचाच माणूस कंपनीत स्त्रीपार्टी करतो म्हणून सांगते. झोपेबद्दल तो कधी बोलत नाही, बोलतो पैशाबद्दल. बिदागी त्या त्या रात्रीची, रात्र चुकली की ती गेली, त्यामुळे ताप असला तरी साडी नेसून, स्वतःचा मेकअप स्वतः करून उभा राहतो. पावसाळ्यात शेती असते, मालकाकडून उचल घेऊन आधीची उधारी भागवायची, नि हंगाम आला की ती फेडत बसायचं. तुम्ही नाटक बाराला संपवलंत की गाव म्हणणार अर्ध्या रात्रीचं नाटक, अर्धेच पैसे. त्याचं काय करायचं ते आधी सांगा.

तिठ्यावरचो: वैनी, पैसे कमी करायचं मी कुठे म्हटलं? पूर्ण बिदागी, कमी तास.

सासुरवाडी_मालवण: भावोजी, ते गावच्या मानकऱ्यांना म्हणून बघा.

माजघर: तां मात्र खरां. आमच्या हंय पाचशे रुपये वाढवूक तीन बैठकी झाल्यो.

पायपेटी_सूर: मग सुरुवात पालखीपासून करायला हवी, कंपनीच्या हातात काहीच नाही त्यात. आमच्या वाडीत या वर्षी पालखी दहाला काढायचा विषय आलाय. पुजारी तयार आहेत, नवसाच्या ओट्या दुपारपासूनच भरून घ्यायच्या म्हणाले. एक मानकरी मात्र अडून बसलेत, त्यांचे मुंबईचे पाहुणे रात्रीच्या गाडीने पोचतात म्हणून.