ब्रेक मारल्यावर पुढे कोण ढकलतं? आणि गाडी थांबताच मागे का आपटतो?

नवशिकी:
सध्या गाडी शिकतेय. जोरात ब्रेक दाबला की अंग पुढे जातं, कारण जडत्व, हे शाळेत घोकलंय. पण पुढे ढकलणारं बल लावतं कोण? सीट तर पाठीमागे आहे! त्याहून जास्त डोकं खाल्लंय ते दुसऱ्या गोष्टीने. गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी मानेला हिसका बसतो आणि पाठ सीटवर आदळते. पुढे जाणं जडत्वामुळे, मग हे मागे येणं कशामुळे? शिकवणारे काका नुसतं म्हणतात, "शेवटी ब्रेक थोडा सोडायचा." का, ते सांगत नाहीत.

गुरुत्वमध्य:
पुढे कोणीच ढकलत नाही. गाडीचा वेग कमी होतोय, तुमचा अजून नाही, एवढंच. तुमच्यावर जे आडवं बल लागतं ते उलट मागच्या दिशेने असतं. सीटचं घर्षण, पेडलवरचा पाय, स्टिअरिंगवरचे हात आणि पट्टा मिळून ते लावतात.

ताशी ५४ किमी वेग घेऊ, म्हणजे सेकंदाला नेमके १५ मीटर. (हा वेग मी नेहमी मुद्दाम घेतो, आकडे अंगावर येत नाहीत.) कोरडा रस्ता, बरे टायर आणि कडक ब्रेक असेल तर ८ मी/से² च्या आसपास मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, मिळतो. गाडी १४ मीटरांत, दोन सेकंदांच्या आत थांबते. ७० किलोच्या माणसावर ५६० न्यूटन बल येतं, त्याच्या वजनापेक्षाही कमी. म्हणूनच हातपाय रोवून सावरता येतं.

आता तुमचा हिसका. गाडी थांबली की ते ८ चं मंदन एकदम शून्य होतं. पण पाठीचे आणि मानेचे स्नायू, ताणलेला पट्टा, सगळे अजून तुम्हाला मागे ओढतच असतात. त्यांना ढिलं पडायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही मागे जाता. त्यात भर म्हणजे ब्रेक मारताना भार पुढच्या चाकांवर जाऊन गाडीचं नाक खाली दबलेलं असतं, ते स्प्रिंगमुळे उसळतं. शेवटी ब्रेक हलका केला की मंदन हळूहळू शून्यावर येतं आणि स्नायूंना सवड मिळते. काकांचं बरोबर आहे.

खटपट्या:
"कोणीच ढकलत नाही" हे पटलं नाही. गाडीतच बसून गणित मांडलं, तर पुढच्या दिशेने आभासी, म्हणजे हिशोबापुरतं धरलेलं, बल घ्यावंच लागतं, आणि उत्तर अचूक येतं.

गुरुत्वमध्य:
येतं की. पण त्या बलाची प्रतिक्रिया कोणावर लागते ते दाखवा! न्यूटनच्या तिसऱ्या नियमातला जोडीदारच नाही त्याला. आणि मला त्याचा राग आहे तो वेगळ्या कारणाने. "पुढे ढकलतंय" असं मनात बसलं की माणूस म्हणतो, मी हातांनी धरून ठेवीन.

तीच गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंमी चुरगळला असं समजा. सगळं ०.०८ सेकंदात आटोपतं, हात ताठ करायचा विचार येण्याआधीच. पट्टा बांधलेला ड्रायव्हर गाडीबरोबर त्या ६० सेंमीत थांबतो. मंदन गुरुत्वाच्या १९ पट, बल १३,००० न्यूटनच्या वर. पट्टा नसेल तर गाडी थांबते, तो १५ च्याच वेगाने जात राहतो आणि स्टिअरिंगवर छाती ५ सेंमीत थांबते. ऊर्जा तीच, सुमारे ७,९०० ज्यूल. अंतर बारावा हिस्सा, म्हणून बल बारापट.

नीट बांधलेलं शरीर किती सोसतं बघा. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप डिसेंबर १९५४ मध्ये रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतः बसले. ताशी हजार किमीहून जास्त वेगावरून १.४ सेकंदात थांबले. कमाल मंदन गुरुत्वाच्या ४६ पट. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना, पण माणूस वाचला.

नवशिकी:
बापरे. आणि मागच्या सीटवरच्याने पट्टा लावला नसेल तर?

गुरुत्वमध्य:
तो १५ च्या वेगाने तुमच्या सीटच्या पाठीवर येतो. तुम्हाला पुढून पट्ट्याने अडवलंय, मागून हा. त्याला थांबवणाऱ्या बलाचा वाटा तुमच्या फासळ्यांना उचलावा लागतो. मागच्या पट्ट्याचा खटका ऐकल्याशिवाय मी गिअर टाकत नाही, घरचे वैतागतात तर वैतागू देत.

खटपट्या:
आभासी बलाचा वाद नंतर घालू. नवे पट्टे धडकेत थोडे सैल सुटतात म्हणे. हा दोष नाही का?

गुरुत्वमध्य:
मुद्दाम केलेलं असतं ते. आधी पट्टा झटक्यात आवळून ढिलाई काढतो, मग ताण ठराविक मर्यादेपुढे गेला की बेताने सुटतो. छातीला थांबायला आणखी काही सेंटिमीटर मिळतात, आणि तेवढ्या जागेत एअरबॅग फुगून तयार असते.