त्सुकिजी होंगानजी: मिश्रण जमलंय का?

भटका_सांगलीकर
तोक्योतलं त्सुकिजी होंगानजी हे बौद्ध देऊळ पाहून आठवडा झाला, डोक्यातून जात नाही. समोर पिंपळपानाच्या आकाराची कमान. थेट अजिंठ्याचं १९ क्रमांकाचं लेणं आठवलं! आत सोनेरी गाभारा अस्सल जपानी, पण बसायला खुर्च्या, आणि मागे वळलो तर दारावर चर्चमध्ये असतो तसा पाइप ऑर्गन. वास्तुकार इतो चुता, बांधकाम १९३४ चं. माझं मत स्पष्ट आहे: हे जमलेलं नाही. तोंड भारताचं, हाडं काँक्रीटची, पोट जपानचं. एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही.

चैत्यगवाक्ष
अजिबात पटलं नाही. ज्या वळणदार छपराला आपण 'जपानी' म्हणतो, तेही चीन-कोरियाकडूनच आलं, बौद्ध धर्माच्या पाठोपाठ. इतो १९०२ ते १९०५ चीन, भारत, तुर्कस्तान फिरला. त्याआधीच होर्यूजी या जपानमधल्या प्राचीन लाकडी बौद्ध देवळाच्या, मधे फुगीर असलेल्या खांबांचं नातं त्याने ग्रीसशी जोडलं होतं. ते नातं खरं-खोटं बाजूला ठेवा, पण धर्म जिथून निघाला तिथली कमान त्याने दारावर लावली, यात उसनं काय आहे? कार्ल्याच्या चैत्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला तरी ती परकी वाटू नये.

लाकूडकाम
कमानीबद्दल तक्रार नाही, काँक्रीटबद्दल आहे. होर्यूजीचं लाकूड तेराशे वर्षं उभं आहे, कारण सांधे सुटतात, कुजलेला तुकडा काढून तिथे नवा बसवता येतो. काँक्रीटच्या आतली सळई गंजली की काय करणार? पाश्चात्त्य तंत्र घेताना दुरुस्तीची ही परंपरा मोडली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चैत्यगवाक्ष
तोक्योत लाकूड टिकलं कुठे? हेच देऊळ १६५७ च्या आगीत गेलं, १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा लाकडाचंच बांधा, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

भटका_सांगलीकर
आगीचा मुद्दा मान्य. काँक्रीटला माझा विरोध नाहीच. जपानच्याच अवाजी बेटावरचं, वास्तुकार तादाओ आंदोचं होन्पुकुजी हे काँक्रीटचं देऊळ (१९९१) बघा. कोऱ्या भिंतीला वळसा घातला की लंबगोल कमळतळं, आणि तळ्याच्या मधोमध खाली उतरणारा जिना. कमळं डोक्याच्या वर जातात आणि तुम्ही देवळात पोचता. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आत शिरलं की लाल जाळ्या पेटल्यासारख्या दिसतात. कुठल्याही देशाची कमान न लावता पूर्व-पश्चिम एक झालेत. याला मी जमणं म्हणतो.

ओसरी
सुंदर आहे, पण तो जिना गुडघे धरलेल्या आजीबाईंनी उतरायचा कसा? त्सुकिजीत मांडी घालता न येणारी म्हातारी माणसं खुर्चीवर बसून शेवटपर्यंत पाठ ऐकतात. दर महिन्याला दुपारी ऑर्गनवादन असतं, तेव्हा आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊन बसतात. तुम्ही गेलात तेव्हा ऑर्गन वाजत होता का?

भटका_सांगलीकर
नाही. बंद होता.