सकाळी चेहऱ्याला रोज नेमकं काय लावता? (अनुभव धागा)

एकीकडे दहा पायऱ्यांचं कोरियन रूटीन, दुसरीकडे "आम्ही जन्मभर नुसत्या पाण्याने तोंड धुतलं, काय बिघडलं?" यांच्या मधलं काहीतरी इथे गोळा करू या. डबे, नळाचं पाणी, शाळेची बस हे सगळं सांभाळून जे खरोखर रोज होतं तेवढंच लिहा. विकत आणून कपाटात पडलेलं नको. आणि कुठे राहता, दिवस उन्हात जातो की घरात, हे आवर्जून सांगा. रत्नागिरीच्या घामाला आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्याला एकच क्रीम कसं चालेल?

माझ्यापासून सुरुवात. पुणे, कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. फेसवॉश रात्री, सकाळी नुसतं पाणी. चेहरा टिपून, थोडा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावते आणि पोळ्यांना लागते. तवा उतरेपर्यंत ते मुरलेलं असतं, मग सनस्क्रीन. व्हिटॅमिन सीचं सीरम होतं मध्यंतरी, पण ते उजेडाने-हवेने तपकिरी पडतं. आमच्या घरात थंड, अंधारी जागा म्हणजे फ्रीज, आणि फ्रीजमध्ये इडलीच्या पिठापुढे सीरमची काय मात्रा! बंद केलं.

सात_बाराची_लोकल
डोंबिवली ते फोर्ट. आमच्याकडे मॉइश्चरायझर हिवाळ्याचे दोन महिने, बाकी वर्षभर घामच मॉइश्चरायझर. जेलसारखं सनस्क्रीन लावते, कारण जाड क्रीम कल्याणकडच्या गर्दीत वितळून थेट डोळ्यांत उतरतं आणि मग ठाण्यापर्यंत रडत जायचं. भुवयांच्या वर एक बोट जागा मोकळी सोडते, तेव्हापासून डोळे चुरचुरत नाहीत.
डब्यावर एसपीएफ ५० बघून लोक खूश होतात, पण एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचं सांगतो, म्हणजे भाजणाऱ्या अतिनील किरणांचं. काळवंडणं, सुरकुत्या यात यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांचा मोठा वाटा, त्यासाठी शेजारचं 'पीए' आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघायची. यूव्हीए काचेतूनही आत येतो. ऑफिसात माझी जागा खिडकीशी आहे, म्हणून दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एक हात फिरवते.

संत्रानगरी
नागपूर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सनस्क्रीन दुय्यम, आधी दुपट्टा. सर्व्हेचं काम, दिवसभर बाहेर. डोळे सोडून सगळं झाकलेलं, वरून गॉगल, आणि उरलेल्या नाक-गालांवर सनस्क्रीन. दर दोन तासांनी पुन्हा लावा म्हणतात ते आमच्यासारख्यांसाठीच आहे. रस्त्यात चेहरा धुणं शक्य नसतं, म्हणून आधी ओल्या रुमालाने धूळ-घाम टिपायचा, मग लावायचं. धुळीवर लावलं तर चेहऱ्यावर नुसत्या वळकट्या निघतात.
घरी आल्यावर कूलरपुढे बसलं की त्वचा आणखी ओढल्यासारखी होते. तिथे कोरफडीचा गर नाही, साधं ग्लिसरीनवालं लोशनच कामाला येतं.

निवृत्त_बाई
सांगली, वय सत्तरीपुढे. सकाळी गार पाणी, आणि थंडीत खोबरेल तेलाचा एक थेंब. बस. रविवारी डाळीचं पीठ, साय, आंबेहळद. साबण चेहऱ्याला लावलाच नाही कधी. नातीने परवा सनस्क्रीन आणून दिलं, बागेत जाताना लावते, तिचं मन मोडायचं नाही म्हणून. पण तुम्ही सगळ्या जे एवढे पैसे घालता, त्यात निम्मं जाहिरातीचं आहे असं माझं मत.

कॉलेजकट्टा
आजी, खोबरेल तुम्हाला मानवलं, मला नाही. केसांना चोपडलेलं तेल रात्रभर कपाळावर उतरायचं आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुळ्यांची रांग. त्वचारोगतज्ज्ञांनी तेल धुण्याआधी तासभरच लावायला सांगितलं, उशीचा अभ्रा वरचेवर बदलायला सांगितला आणि रात्री पुळ्यांवरचं अ‍ॅडापॅलिन. ते औषध रात्रीचंच, त्याने त्वचा उन्हाला नाजूक होते, म्हणून सकाळी सनस्क्रीन सक्तीचं. सकाळचं काम तीन मिनिटांत आटोपतं.

मेडिकलवाला
सातारा जिल्ह्यात औषधाचं दुकान आहे. रूटीन सांगत नाही, एक गोष्ट सांगतो. आठवड्यातून कोणीतरी येतंच, "ती गोरं करणारी ट्यूब द्या." त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन अशी तीन नावं असतात. तिसरं स्टेरॉइड. वांगासाठी डॉक्टर मोजके आठवडे देतात, लोक मात्र रोजची क्रीम म्हणून फासतात. पहिले काही दिवस चेहरा उजळतो आणि तीच फसगत. मग कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते, पुळ्या येतात. थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. खोक्यावर डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते सकाळच्या कपाटात ठेवायचं सामान नाही. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हेही खरं.

सावळ्याची_आई
मेडिकलवाले दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मला दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर वांग आले. ते जातात, पण उन्हाळ्यात परत डोकावतात. सनस्क्रीन लावूनही फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन दिलं. वांगाला नुसते अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो, आणि साधं, बिनरंगाचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. शिवाय आपल्या रंगावर झिंक ऑक्साइडची जी राखाडी छटा उठते ती या टिंटने जाते. लग्नाला जायचं असेल तर वेगळं फाउंडेशनही लागत नाही, हा वरचा फायदा.
आणि कृपा करून कोणी लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते आणि मग महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. माझ्या नणंदेच्या हातावर आहे.

बर्फाळ_देशातून
टोरांटो. इथे जानेवारीत हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी की ओठांच्या कडा फाटतात. भारतातून आणलेली जेलसारखी क्रीम इथे निरुपयोगी. कोमट पाण्याची अंघोळ, टॉवेल गुंडाळलेलाच, आणि लगेच सेरामाइडवालं (त्वचेतला ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) जाड क्रीम. नाकाच्या कडेला पेट्रोलियम जेली. आईने मालवणहून कोकमतेलाचा गोळा पाठवला होता, टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. चेहऱ्याला मात्र लावत नाही.
ऊन नाही म्हणून सनस्क्रीन टाळू नका, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. स्कीला गेलेले आमचे मित्र हनुवटीच्या खालून भाजून आले.

दाढीवाला
दाढी, तुरटी, बाहेर. तुरटीवर लगेच सनस्क्रीन लावलं तर झणझणतं, म्हणून दाढी आता रात्री करतो. बायको म्हणते मान विसरतोस. विसरतो.

खर्चाचा_हिशेब
सगळं पटलं, पण किती लावायचं? माझी ५० ग्रॅमची ट्यूब चार महिने पुरते.

धागाकर्ती
मग तुम्ही पाव भागच लावताय. डब्यावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. तर्जनी आणि मधलं बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, तेवढं चेहरा आणि मान मिळून. या मापाने ट्यूब महिना-सव्वा महिना चालते. खर्च वाढतो हे खरंच, म्हणून मी महागडं ५० परवडत नसेल तर स्वस्तातलं ३० घ्या म्हणते. नीट लावलं तर ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. वाचलेल्या पैशांतून मॉइश्चरायझर येतं.

खर्चाचा_हिशेब
म्हणजे सीरम रद्द, ३० चं सनस्क्रीन दर महिन्याला. बायकोला दाखवतो. तिची ट्यूब तर सहा महिने पुरते.