फ्रेझल व्हर्ब्ज: घोकायचे की उलगडायचे?

शब्दवेल्हाळ:
इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या प्रयोगांच्या, 'पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ' अशा याद्या मुलांकडून घोकून घेणं थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे. क्रियापद एकच आणि अर्थ पुढे ढकलणे, विझवणे, सहन करणे! दुसऱ्या दिवशी सगळी सरमिसळ होते. त्यापेक्षा मागचा छोटा शब्द पकडा. 'ईट अप', 'यूज अप', 'ड्रिंक अप' यांतला 'अप' म्हणजे 'वर' नव्हे, तर पार संपवणे. आपण हेच काम 'टाकणे'कडून करून घेतो: खाऊन टाक, पिऊन टाक. त्यात कोणी काही फेकत नाही. 'पुस्तक वाचून काढलं' म्हणताना तरी आपण कुठून काय काढतो? हे ज्याच्या जिभेवर आहे, त्याला 'अप' परका का वाटावा?

स्पष्टवक्ता:
तुलना आवडली, पण ती फार लांब जात नाही. झाड आधी 'कट डाउन' करतात, मग 'कट अप': पाडलं, तुकडे केले. इथवर तर्क टिकतो. पण वेग कमी करायला 'स्लो डाउन' चालतं तसं 'स्लो अप'ही चालतं. फॉर्म 'फिल इन' करा नाहीतर 'फिल आउट', भरायचा तो भरायचाच. आणि 'लुक आफ्टर'मधून 'काळजी घेणे' कोणत्या तर्काने निघतं? अंदाजावर विसंबलेला विद्यार्थी तोंडघशी पडतो.

मधलीवाट:
अर्थाइतकीच शब्दांची जागाही अडवते, तिकडे कुणाचं लक्षच नाही. शब्दकोशात शब्द शोधायला 'लुक अप द वर्ड' आणि 'लुक द वर्ड अप' दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की 'लुक इट अप'च. 'लुक अप इट' चूक. उलट 'लुक आफ्टर हर' मध्ये तोडता येत नाही. नुसत्या यादीत हे दिसत नाही. वहीत अख्खं वाक्य उतरवा.

स्पष्टवक्ता:
मान्य. मग तेच वाक्य पाठ करा की! 'संकटाला तोंड देणे' आपण तरी फोड करून कुठे शिकलो?

शब्दवेल्हाळ:
नाही, पण घोकूनही नाही शिकलो. शंभर वेळा कानावर पडलं म्हणून आलं. एका बाबतीत मात्र मी माघार घेते. 'डिपेंड ऑन' सहज जमतं, कारण आपणही 'वर अवलंबून' म्हणतो. पण 'विषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट' आणि 'तिच्याशी लग्न'मुळे 'मॅरी विथ' तोंडात येतं. दोन्ही चूक, तिथे मधला शब्दच नको. जिथे मराठीच वाट चुकवते, तिथे मीही पाठ करून घेते.

स्पष्टवक्ता:
मग 'पुट अप विथ'ही त्याच वहीत घाला. नाहीतर 'पुट', 'अप' आणि 'विथ' जोडून 'सहन करणे' कसं होतं ते दाखवा; मी मत बदलतो.