मदत हवी आहे: गणपतीत उशिरा जेवण आणि इन्सुलिनची वेळ

देवगड तालुक्यात गावच्या घरी आमचा पाच दिवसांचा गणपती. सासूबाई ६६ वर्षांच्या, मधुमेह जुना, ३०/७० मिक्स इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र) सकाळ-संध्याकाळ, खाण्याआधी अर्धा तास. एरवी साखर आटोक्यात. गणपतीत मात्र सगळं कोलमडतं. चाकरमान्यांनी घर भरलेलं, पहाटेपासून त्या चुलीपुढे आणि नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही हा नेम. नैवेद्याला दीड-दोन वाजतात. गेल्या वर्षी इन्सुलिन सवयीने सकाळीच घेतलेलं; मोदकाची पारी करता करता हात थरथरायला लागले, दरदरून घाम. साखर ६२! साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासली, तेव्हा जीवात जीव आला. रात्री उलटा प्रकार: भजनाची मंडळी बाराशिवाय उठत नाहीत, त्यानंतर जेवण, सकाळी साखर अडीचशेच्या वर.

त्यांच्या पानातला मोदक एकावर आणलाय. खोबरं खवायचं काम जावांनी वाटून घेतलं. दुपारी पडा म्हटलं, पण माजघरात माणसं, पडणार कुठे? सकाळी दूध-पोहे सुचवले तर दिवसभर अबोला.

डोस मनाने बदलणार नाही, डॉक्टरांना आधी दाखवणारच आहोत. सोवळ्यामुळे स्वयंपाकाला बाहेरची बाई चालत नाही.

ज्यांच्या घरी असाच नेम आणि इन्सुलिनही आहे, त्यांनी नैवेद्य लवकर उरकला किंवा सकाळी काही खायला पटवलं का? पटवलं तर कोणाकरवी, आणि रात्रीच्या उशिराच्या जेवणाचं डॉक्टरांना नेमकं काय विचारून ठेवू?